व्याहीबुवांच्या गुडघ्यांस नमस्कार

आदरणीय व्याहीबुवा यांस,

सप्रेम नमस्कार. याच्यापुढे 'विनंती विशेष' असं लिहायची रीत आहे, पण ते दोन शब्द मी मुद्दाम गाळले आहेत, कारण या पत्रात माझी विशेष काय, साधीसुद्धा विनंती नाही. हे पत्र निव्वळ आभाराचं आहे. (तुम्ही जन्मभर न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेले. कागद हातात आला की अर्जदाराला हवंय काय, हे आधी शेवटच्या पानावर बघायची तुमची सवय, असं जावईबापू सांगत होते. तर कृपा करून शेवटचं पान आधी बघू नये. ओळीने वाचत यावं.)

तुमची प्रकृती कशी आहे? विशेष करून गुडघे कसे आहेत? गुडघ्यांची चौकशी मी उगाच करत नाही, त्यामागे कारण आहे आणि ते पुढे येईलच. माझं म्हणाल तर उजवा अंगठा सुजला आहे, कपाळावर टेंगूळ आहे आणि कंबर रोज सकाळी 'मी येत नाही, तुम्ही जा' म्हणते. बाकी ठणठणीत. नातवंडं मजेत आहेत. ठिणगी (तुम्ही तिला पूर्ण नावाने हाक मारता, म्हणून ती तुम्हाला ओ देत नाही) आता चार वर्षांची झाली आणि तिला सगळं कळतं, निदान तिचं तसं म्हणणं आहे. भोपळ्या रांगायला लागला आहे. रांगतो म्हणजे काय, सुटतो! जमिनीवर ठेवला की पुढच्या क्षणी तो पलंगाखाली असतो आणि तोंडात काहीतरी असतं.

गेल्या खेपेला तुम्ही आलात तो दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. आमची मुलगी, म्हणजे तुमची सूनबाई, पुन्हा नोकरीवर जाणार होती. ती आणि जावईबापू माझ्याच डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतात. दिवसभर मुलांना ठेवायचं कुठे, असा प्रश्न निघाला. एक तर पाळणाघर, नाहीतर माझी खोली. मी अर्थातच छाती पुढे काढून म्हटलं, माझी खोली असताना पाळणाघर कशाला? आता माझी खोली म्हणजे माझं ऑफिस. यंत्र विकत घेतलं की खोक्यात जी माहितीपुस्तिका निघते, आणि जी कुणीही न वाचता खोक्याबरोबर टाकून देतं, ती मराठीत आणायचं काम मी घरबसल्या करतो. 'लहान मुलांच्या आवाक्याबाहेर ठेवा' हे वाक्य माझ्यापेक्षा जास्त वेळा कुणी लिहिलं असेल, तर मी त्याच्या घरी पाणी भरेन. शिवाय खरं सांगायचं तर आमची ही गेल्यापासून या घरात दिवसभर बोलतो तो फक्त प्रिंटर, आणि तोही कागद अडकला तरच. तेव्हा मुलं माझ्याकडेच यावीत असं मला का वाटत होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुमच्या घरी तर प्रिंटरही नाही.

पण आमच्या कन्येने काय म्हणावं? म्हणे, बाबा, एकदा मामंजींना खोली बघू दे, ते म्हणतील तसं करू. झालं! खोली माझी, खटला माझा, आणि न्यायाधीश मात्र मुलाकडचा. तरी मी होकार दिला. मला वाटलं, तुम्ही दारात उभे राहाल, चष्म्यावरून एक नजर फिरवाल, 'वा, छान, पुस्तकं बरीच आहेत' म्हणाल आणि चहा घ्याल. व्याही लोक एवढंच करतात. तुम्ही काय केलंत? कोट काढलात, घडी घालून माझ्या खुर्चीवर ठेवलात आणि एक शब्द न बोलता हातापायांवर आलात. मला वाटलं तुम्हाला चक्कर आली. मी पाणी आणायला धावलो. परत येऊन बघतो तर माझ्या व्याहीबुवांचा फक्त मागचा भाग टेबलाखालून दिसत होता. (क्षमा असावी. पण जे दिसलं ते लिहायला नको का? साक्षीदाराने खरं बोलावं, असं तुम्हीच सांगत आलात.)

मग तुम्ही आतून एकेक मुद्देमाल बाहेर सरकवायला लागलात. टाचण्या, स्टेपलरच्या पिना, कटरच्या पात्याचा मोडका तुकडा, शर्टाच्या बटणाएवढी एक गोल बॅटरी (ही मी वेड्यासारखा सगळीकडे शोधत होतो), पेनांची टोपणं, आणि एक खोकल्याची गोळी, जी चाटून परत पडली होती असं स्पष्ट दिसत होतं. चाटली कुणी होती, यावर आपण दोघांनीही चर्चा केली नाही. मग तुम्ही रांगत रांगत पडद्याच्या लोंबत्या दोऱ्यांपाशी गेलात, वायरींच्या गुंत्यापाशी थांबलात, कागदाचे तुकडे करायच्या मशीनच्या फटीत स्वतःची करंगळी घालून बघितलीत. (ते बंद होतं म्हणून बरं, नाहीतर इतके निकाल लिहिणारा हात एका बोटाने कमी झाला असता.) शेवटी त्या फायलींच्या लोखंडी कपाटापाशी बसलात, ते चार मोठ्या ड्रॉवरचं, आणि म्हणालात, हे भिंतीला बांधा.

इथे माझं डोकं फिरलं. बाकी सगळं मी ऐकून घेतलं होतं. पण ते कपाट? घर बदलताना त्याने दणकट दणकट हमालांना घाम फोडलाय. आमच्या लग्नाआधीपासून ते उभं आहे आणि माझ्यापेक्षा सरळ उभं आहे. त्याला भिंतीला बांधायचं? ती काय म्हैस आहे? मी काही बोललो नाही, कारण मुलीचा बाप. तुम्ही उठलात, गुडघे झटकलेत, कोट चढवलात आणि 'सुधारणा करा, मग बघू' म्हणालात. मी खालच्या फाटकापर्यंत पोचवायला आलो, हसलो, 'पुन्हा या' म्हणालो. मनात काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. हे पत्र नातवंडं मोठेपणी वाचतील.

मग मी कामाला लागलो, आणि व्याहीबुवा, माणूस संकटात सापडला की त्याला जे येतं तेच तो करतो. मला सूचना लिहिता येतात. मी सूचना लिहिल्या! लाल त्रिकोणाचे चिकट कागद आणले, त्यांवर सुवाच्य अक्षरात 'सावधान', 'हात लावू नये', 'तज्ज्ञ व्यक्तीखेरीज उघडू नये' असं लिहून खोलीभर डकवले. तारेवर, बटणांवर, खिडकीवर, प्रिंटरवर. भाषा अगदी निर्दोष होती. काम संपल्यावर मी खोलीच्या मध्ये उभा राहून अभिमानाने बघितलं, आणि तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही की ज्या दोघांसाठी हा खटाटोप, त्यातल्या एकीला अजून 'अ' ओळखता येत नाही आणि दुसऱ्याला मान वर करून एवढ्या उंचीवरचं दिसतसुद्धा नाही. सूचना वाचणारा खोलीत एकच माणूस होता, आणि तो मी.

ठिणगीला मात्र ते लाल त्रिकोण इतके आवडले की विचारू नका. हाताला लागतील तेवढे तिने सोलून काढले आणि बाहुलीला, चपलेला, माझ्या टकलाला आणि शेवटी भावाच्या पोटावर लावले. भोपळ्याने पोटावरचा काढला आणि सरळ गिळायला घेतला. मी ओरडलो. वरून मुलगी धावत आली, तिने त्याच्या तोंडात बोट घालून तो लगदा बाहेर काढला आणि उलगडून बघितला. त्यावर लिहिलं होतं, 'गिळल्यास त्वरित डॉक्टरांना भेटा'. तिने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. व्याहीबुवा, इतकी वर्षं मी लिहिलेल्या सूचना कुणी मनावर घेत नाही म्हणून कुरकुरत होतो, आणि घेतली तर ती अशी! उरलेले त्रिकोण मी गोळा केले आणि त्या लोखंडी कपाटाच्या अगदी वर ठेवून दिले. मुलांच्या आवाक्याबाहेर. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यानंतर मी अक्कल चालवणं बंद केलं आणि तुम्ही सांगितलंत ते निमूट करायला घेतलं. कागद कापायचं मशीन माळ्यावर गेलं. दोऱ्या उंच बांधल्या, त्यामुळे आता पडदा सारायचा तर मलाच स्टुलावर चढावं लागतं (टेंगूळ इथलं). टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज लावला, तेव्हापासून टेबल अपघातातून बचावल्यासारखं दिसतं. सगळ्या प्लगना झाकणं बसवली आणि ती इतकी घट्ट बसली की फोन चार्ज करायला मी शेजारी जातो. ड्रॉवरना ते प्लॅस्टिकचे खटके लावले, वरून दाबायचं, आतून ढकलायचं आणि त्याच वेळी ओढायचं. हे करायला तीन हात लागतात. माझा अंगठा त्यात दोनदा सापडला. ठिणगीने मात्र जीभ बाहेर काढली, काहीतरी केलं, आणि खटका उघडला. मग काय, कधी मला स्टेपलर हवा झाला की मी तिलाच हाक मारायला लागलो. एक ड्रॉवर उघडायची एक गोष्ट, असा तिचा दर ठरला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला तिचं कौतुकच वाटत होतं.

राहता राहिलं कपाट. खरं लिहू? ते मी बांधलं ते तुमचं पटलं म्हणून नव्हे. पुढच्या वेळी तुम्ही रांगत याल आणि तुम्हाला बोलायला जागा मिळेल, तेवढी मिळू नये म्हणून बांधलं. निव्वळ खुन्नस! मिस्त्रीला बोलावलं. त्याने मागच्या भिंतीत भोकं पाडायला घेतली आणि ती इतक्या निष्ठेने पाडली की जरा वेळाने शेजारच्या बाई हातात फरशीचा तुकडा घेऊन दारात उभ्या. त्यांच्या न्हाणीघरात आमचा ड्रिल नाक काढून गेला होता. त्यांची समजूत घातली, फरशी बदलून दिली. मिस्त्रीने कपाटाला वर दोन लोखंडी पट्ट्या मारून भिंतीला पक्कं केलं. मी त्याला म्हटलं, माझे व्याही जरा विक्षिप्त आहेत, त्यांच्यासाठी चाललंय हे. हे वाक्य मी मागे घेतो.

कारण त्यानंतर आठवडाभरातच मुलीने पहिल्यांदा दोघांना दिवसभर माझ्याकडे ठेवलं. परीक्षा म्हणून. दिवस छान चालला होता. भोपळ्या जमिनीवर आमटीचा डाव घेऊन वाजवत बसला होता, ठिणगी चित्रं काढत होती, आणि मी फोनवर एका वॉशिंग मशीनच्या कंपनीशी वाद घालत होतो. विषय काय, तर 'यंत्र हलणार नाही अशा जागी ठेवा' हे वाक्य त्यांना नको होतं, त्यांना 'स्थिर पृष्ठभाग' हवा होता. मी पाठ करून उभा होतो आणि पोटतिडकीने सांगत होतो की अहो, 'हलणार नाही' म्हटलं की माणसाला डोळ्यांसमोर दिसतं. तेवढ्यात मागे कचकन आवाज झाला.

वळून बघितलं. आमच्या ठिणगीने खालचा ड्रॉवर उघडला होता, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा, आणि त्यांचा जिना करून ती वर चढली होती. का, तर कपाटावर ठेवलेले लाल त्रिकोण हवे होते. फायलींनी भरलेले तिन्ही ड्रॉवर बाहेर, त्यांवर तिचं वजन, आणि ते म्हसोबासारखं कपाट पुढे झुकलेलं. त्याच्या समोर, बरोब्बर समोर, भोपळ्या डाव वाजवत बसलेला. कपाट दोन बोटं पुढे आलं होतं आणि तिथेच अडलं होतं. वरच्या पट्ट्यांनी धरून ठेवलं होतं. ठिणगी तशीच लोंबकळत मला म्हणाली, 'आजोबा, बघा ना, कपाट पडतच नाहीये.'

मी फोन कुठे टाकला मला माहीत नाही. तिला काढलं, त्याला उचललं, दोघांना घेऊन दाराशी जमिनीवर बसलो आणि रडलो. मोठ्याने रडलो. ठिणगीला वाटलं मला त्रिकोण हवे होते आणि मिळाले नाहीत, म्हणून तिने एक माझ्या गालावर चिकटवला. फोनमधून कंपनीचा माणूस बराच वेळ 'स्थिर, स्थिर' म्हणत होता.

मुलगी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती कपाटापाशी गेली, दोन्ही हातांनी ते जीव खाऊन ओढून बघितलं, दोन बोटांपुढे हललं नाही, आणि मग ठिणगीला पोटाशी धरून बसली. संध्याकाळी जावईबापू खाली आले. त्यांना सांगितलं, तर त्यांनी नुसतं भुवईवरच्या त्या जुन्या खुणेला बोट लावलं. इतकी वर्षं मी ती खूण बघतोय, मला वाटायचं क्रिकेट. तेव्हा कळलं की ती तुमच्या अभ्यासिकेतल्या कायद्याच्या पुस्तकांची आहे. जावईबापू पाच वर्षांचे, मांडणीवर चढलेले, ती पुस्तकांसकट अंगावर आलेली, आणि तुम्ही त्याच खोलीत पाठ करून निकाल लिहीत बसलेले. तेव्हापासून लहान मूल असलेल्या कुठल्याही घरी गेलात की तुम्ही आधी कोट काढता, हेही कळलं.

अहो, मग त्या दिवशी हे बोलला का नाहीत? एक वाक्य बोलला असतात तर मी तुम्हाला मनात एवढी नावं ठेवली नसती. पण तुम्ही सांगितलं नाहीत, वाद घातला नाहीत, चारचौघांत शोभेल का याचा विचार केला नाहीत. सरळ रांगलात. व्याहीबुवा, माझी दोन्ही नातवंडं आत्ता या क्षणी डाव वाजवून माझं डोकं उठवत आहेत, ती तुमच्या गुडघ्यांच्या कृपेने. माझ्याकडून तुम्हाला देण्यासारखं काही नाही. पण तुमचे उपकार मी या जन्मी विसरणार नाही, आणि मनातल्या मनात तुम्हाला जे जे म्हणालो ते सगळं शब्दशः परत घेतो. (शब्द बरेच होते.)

पत्र फार लांबलं. प्रकृतीला जपा. थंड फरशीवर फार वेळ बसू नका.

आपला उपकृत
व्याही

ता. क. : लाल त्रिकोण जाळून टाकले. खटके बदलून आता किल्लीची कुलपं लावली आहेत आणि किल्ली माझ्या गळ्यात असते. शिवाय लहान मुलांना आत ठेवायचं ते लाकडी कुंपण आणलं. पण भोपळ्याला आत ठेवलं की तो आकाशपाताळ एक करतो, म्हणून सध्या कुंपणात मी बसतो, टेबल आणि कॉम्प्युटरसह. मुलं बाहेर मोकळी असतात. येणारे-जाणारे मला बघून हळहळतात. हे पत्रही आतूनच लिहिलं आहे.

आणखी एक ता. क. : निकाल अजून राखून ठेवलेला आहे, हे वर लिहायचं राहिलं. आमच्या कन्येचं म्हणणं असं की खोली आता चांगली आहे, पण एक आजोबा कामात असतील तर दुसरं कुणीतरी जमिनीवर हवं. तसं माणूस मिळालं तर मुलं माझ्याकडे, नाहीतर एक तारखेपासून पाळणाघर. तिचं बरोबर आहे, मी भांडलो नाही. पण जमिनीवर मी कसा जाणार? माझे गुडघे वाकत नाहीत, आणि वाकवले तर सरळ होत नाहीत. परवा भोपळ्याशेजारी बसलो तो मुलगी ऑफिसातून येईपर्यंत तिथेच होतो. तेव्हा सुरुवातीला गाळलेले ते दोन शब्द कृपया इथे वाचावेत. तुम्ही इकडे राहायला या. चार दिवसांसाठी नव्हे, कायमचे. एवढ्या मोठ्या घरात एकट्याने बसून तिथे तुम्ही कुणाचा न्याय करताय?

शेवटचं ता. क. : ठिणगी रोज विचारते, ते रांगणारे आजोबा कधी येणार? मी म्हटलं, ते मोठे न्यायाधीश आहेत, असं लगेच येता येत नाही. ती म्हणाली, मग तुम्ही रडून दाखवा. तर तेही वर करून झालेलं आहे. मागची खोली तुमच्यासाठी झाडून ठेवली आहे. काल मिस्त्रीला बोलावून तिथलं कपाट, पुस्तकांची मांडणी आणि आरसा, सगळं भिंतीला बांधून घेतलं. त्याने विचारलं, इथे कुठलं मूल राहणार आहे? मी म्हटलं, आमचे व्याही.